पोरोला सॅक्सोफोन मिळाले, ढोल मागे राहिले : लुचो बेर्मूदेसच्या वाद्यवृंदाचं प्रकरण

1940च्या दशकाच्या सुरुवातीला लुचो बेर्मूदेस हा क्लॅरिनेटवादक कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरून बोगोताला आला, तेव्हा राजधानीला त्याचं संगीत नको होतं. बोगोता समुद्रसपाटीपासून सुमारे 2600 मीटर उंचीवरचं, थंड हवेचं, गडद कोटांतलं शहर. तिथे 'देशाचं संगीत' म्हणजे अँडीजच्या डोंगराळ भागातलं बाम्बूको आणि पासियो, तारवाद्यांवर वाजणारं, हळवं, दिवाणखान्यात शोभणारं. किनाऱ्यावरचं पोरो आणि कुंबिया हे नाचाचं संगीत म्हणजे काळ्या लोकांचा गोंगाट, असं तिथली सुशिक्षित मंडळी उघड म्हणत आणि वर्तमानपत्रांत लिहीतही. पुढच्या काही वर्षांतच त्याच शहरातले श्रीमंत क्लब पोरोवर नाचू लागले. आज बेर्मूदेसची 'कोलोंबिया तिएर्रा केरिदा' ही कुंबिया कोलंबियन माणसं जवळजवळ दुसऱ्या राष्ट्रगीतासारखी गातात.

हे कसं घडलं, त्यात कोणती वाद्यं आली, कोणती गेली आणि त्या व्यवहारात कोणाचं काय हरवलं, हे इथे पाहायचं आहे. लोकसंगीत आणि जॅझ यांचा मेळ घालणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदांबद्दल बोलताना 'फ्यूजन' हा शब्द फार सैल वापरला जातो. दोन रंग एका भांड्यात ओतले की तिसरा तयार होतो, असं काहीसं चित्र त्यामागे असतं. बेर्मूदेसच्या कामाकडे नीट पाहिलं की हे चित्र टिकत नाही. त्याने जॅझच्या बिग बँडची, म्हणजे डझनभराहून अधिक वादकांच्या संचाची, बैठक घेतली, वाद्यांची गटवार विभागणी घेतली, सूर एकावर एक रचण्याची रीत घेतली आणि चाल पोरोचीच ठेवली. त्या चालीमुळे त्याचं संगीत टिकलं. ते स्वीकारलं गेलं, त्यामागे मात्र दुसरं एक कारण होतं : किनाऱ्यावरचे हाताने वाजवायचे ढोल त्याने मागे ठेवले होते.

मोन्तेस दे मारियाच्या टेकड्यांतून

लुइस एदुआर्दो बेर्मूदेस आकोस्ता 25 जानेवारी 1912 रोजी एल कार्मेन दे बोलीवार या गावी जन्मला. कार्ताहेना बंदराच्या आग्नेयेला मोन्तेस दे मारिया नावाच्या टेकड्या आहेत, त्या पट्ट्यातलं हे गाव. शेजारीच सान हासिन्तो, गाइता या लांब बासरीचं माहेरघर.

गाइतांची जोडी असते. निवडुंगाच्या खोडाचा गाभा कोरून नळी करतात, तिच्या टोकाला मधमाशीच्या मेणात कोळशाची पूड मळून काळं डोकं बसवतात आणि त्यात पक्ष्याच्या पिसाची पोकळ दांडी तोंडपट्टी म्हणून खोचतात. हे वाद्य मूळचं इथल्या आदिवासींचं. सिएरा नेवादा पर्वतावरचे कोगी लोक ते आजही वाजवतात. जोडीतल्या मादी गाइतेला पाच छिद्रं असतात आणि सुरावट तिच्याकडे असते. नर गाइतेला बोटांची छिद्रं दोनच. सनईच्या जोडीला सूर असतो तशी तिची जागा. फरक इतकाच की नर गाइता एक स्वर धरून बसत नाही, मोजक्या दोन-तीन स्वरांनी मादीला मध्ये मध्ये उत्तर देते. तो वाजवणारा दुसऱ्या हाताने माराका खुळखुळवत असतो.

त्यांच्या मागे तीन ढोल. 'तांबोरा' दोन्ही तोंडांचा, काठ्यांनी वाजणारा. काठी कधी चामड्यावर, कधी लाकडी अंगावर पडते. 'आलेग्रे' एका तोंडाचा, गुडघ्यांत धरून हातांनी वाजवायचा. सगळी खेळी, सगळी मस्ती त्याची. आणि 'यामादोर', सर्वांत लहान. तो ठेक्याच्या उलट्या बाजूला, दोन मात्रांच्या मधल्या जागी, एकच थाप देत राहतो. ऐकणाऱ्याला तो क्षुल्लक वाटेल, पण कुंबियाचा सगळा झोका त्या एका थापेवर उभा असतो. ढोल आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे, बासरी आदिवासींची, गाण्यांची भाषा स्पॅनिश. तीनही वारसे एकाच अंगणात बसलेले.

त्याच किनाऱ्यावर दुसरी एक परंपरा होती, फुंकवाद्यांच्या गावबँडची. एकोणिसाव्या शतकात युरोपीय फुंकवाद्यं किनाऱ्यावर पोचली आणि शतकाच्या उत्तरार्धात सिनू नदीच्या खोऱ्यातल्या गावांनी ती आपली करून टाकली. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, बॉम्बार्दिनो म्हणजे युफोनियम, आणि सोबत मोठा ढोल, स्नेअर आणि झांजा. सान पेलायो हे या बँडचं मुख्य गाव. तिथे 1977पासून राष्ट्रीय पोरो महोत्सव भरतो. गावजत्रेत बँड मधोमध आणि भोवती नाचणाऱ्यांचं रिंगण, बायकांच्या हातात पेटलेल्या मेणबत्त्यांच्या जुड्या. या रात्रभराच्या नाचाला फांदांगो म्हणतात.

पोरोचा एक प्रकार आहे 'पालितियाओ'. त्याची बांधणी इथे नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सुरुवातीला छोटीशी 'दान्सा', संथ प्रस्तावना. मग मुख्य भाग. त्यात ट्रम्पेट बोलतात आणि बॉम्बार्दिनो, क्लॅरिनेट त्यांना उत्तर देतात. आणि मग येते 'बोसा'. मोठ्या ढोलाचं चामडं गप्प होतं, वादक कडेच्या लाकडावर काठी वाजवू लागतो, ट्रम्पेट मागे सरतात आणि क्लॅरिनेट पुढे येतात. सुरावट सैल होते, वादक तिथल्या तिथे नवं रचू लागतात. 'मारिया बारिया' हा सर्वांत प्रसिद्ध पोरो ऐकला तर हा बदल नवख्या कानालाही कळतो : अचानक जागा मोकळी होते आणि क्लॅरिनेट वर उठतात.

म्हणजे गटागटांतला सवाल-जवाब, मधे एका गटाला मोकळीक, आणि ठरलेल्या ठेक्यावर उत्स्फूर्त वादन. बिग बँड जॅझच्या या तीनही गोष्टी सिनूच्या खोऱ्यात स्वतंत्रपणे, आधीपासून होत्या. जॅझ जिथे जन्मलं ते न्यू ऑर्लीन्स आणि सान पेलायो या दोन्ही ठिकाणी आफ्रिकी वंशाच्या माणसांच्या हातात लष्करी पद्धतीची युरोपीय फुंकवाद्यं पडली होती. साम्य योगायोगाचं नाही.

क्लॅरिनेट

बेर्मूदेस लहानपणीच मामाच्या हाताखाली पिकोलो ही छोटी बासरी शिकला, पोरवयातच सांता मार्ताच्या लष्करी बँडमध्ये गेला. तिथे स्वरलेखन वाचणं-लिहिणं पक्कं झालं आणि बरीच फुंकवाद्यं हातातून गेली. शेवटी हात स्थिरावला क्लॅरिनेटवर.

या प्रकरणाची किल्ली मला इथे दिसते. क्लॅरिनेट हे एकच वाद्य दोन्ही घरचं होतं. बोसामध्ये पुढे येणारं ते वाद्य, आणि 1938 साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये अमेरिकी बँडप्रमुख बेनी गुडमन ज्याच्या जोरावर जॅझचा कार्यक्रम करत होता तेही तेच. बोगोताच्या क्लबात बसलेल्या श्रोत्याला क्लॅरिनेटवाला बँडप्रमुख म्हणजे आधुनिकता, अमेरिका, हॉलीवूडचे सिनेमे. एल कार्मेनहून आलेल्या माणसाला तेच क्लॅरिनेट म्हणजे पहाटेपर्यंत चाललेला फांदांगो. प्रत्येकाला आपलंच काहीतरी ऐकू येत होतं. त्याच्या हातात ट्रम्पेट असतं तर हे इतक्या सहज जमलं नसतं, असं मला ठाम वाटतं.

जॅझ बँड किनाऱ्यावर त्याच्याही आधी पोचले होते. पनामा कालवा 1914 साली सुरू झाला, बंदरांत अमेरिकी जहाजं, रेकॉर्डी आणि वादक येऊ लागले. 1920च्या दशकात कार्ताहेनात लोर्दुई कुटुंबाचा जॅझ बँड होता. पुढे बारान्कियात एमिसोरा अटलांटिको जॅझ बँड झाला; त्यात पाचो गालान ट्रम्पेट वाजवी आणि वाद्यरचनाही करी. हे बँड फॉक्सट्रॉट, दान्सोन, टँगो, बोलेरो असे बाहेरून आलेले नाच वाजवत. उच्चभ्रू क्लबांत स्थानिक पोरो वाजवणं हलकं समजलं जाई. होसे पियानेता पितालुआच्या कार्ताहेनातल्या वाद्यवृंदाने ती कुंपणं मोडायला सुरुवात केली आणि बेर्मूदेस त्याच वाद्यवृंदात तयार झाला. नंतर त्याने स्वतःचा ओर्केस्ता देल कारिबे उभा केला. 'प्रेन्दे ला बेला', म्हणजे मेणबत्ती पेटव, ही त्याची गाजलेली मापाले (किनाऱ्यावरचा एक वेगवान नाच) याच किनाऱ्यावरच्या दिवसांतली.

बोगोता, ब्युनोस आयर्स, मेदेयिन

बोगोतात त्याने आधी मेट्रोपॉलिटन या नाइट क्लबमध्ये वाजवलं, पुढे हॉटेल ग्रानादात. शहरात त्याला मातिल्दे दियास भेटली. ती अँडीजच्या भागातली, बहिणीबरोबर जोडीने बाम्बूको गाणारी. ती वाद्यवृंदाची मुख्य गायिका झाली आणि पुढे त्याची पत्नी. कोलंबियात मोठ्या नृत्यवृंदापुढे उभी राहून गाणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तिचा आवाज स्वच्छ, उच्चार स्पष्ट, सूर अगदी नेमका. किनाऱ्यावरच्या गायिकेचा फाटका, रात्रभर ओरडून रापलेला आवाज तिच्याकडे नव्हता. राजधानीतल्या श्रोत्याला पोरोमध्ये पहिल्यांदा आपल्या बाजूचा आवाज ऐकू आला.

1946 साली आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीने त्याला ब्युनोस आयर्सला बोलावलं. तिथल्या वादकांना घेऊन त्याने कोलंबियन संगीताचं मोठं ध्वनिमुद्रण केलं. ज्यांनी आयुष्यात यामादोर पाहिला नव्हता अशा माणसांसमोर पोरो कागदावर मांडून ठेवायचा होता. या सक्तीने त्याची लेखणी घासून निघाली असणार. जे कानाने, गावात वाढून येतं ते सगळं नोटांमध्ये आणि गटांच्या विभागणीत उतरवावं लागलं.

9 एप्रिल 1948 रोजी बोगोतात होर्हे एलिएसेर गाइतान या लोकप्रिय राजकीय नेत्याचा खून झाला आणि शहर पेटलं. त्याच वर्षी बेर्मूदेस मेदेयिनला गेला आणि तिथे बरीच वर्षं राहिला : नुतिबारा हॉटेलचा नाच-दिवाणखाना, ला बोस दे आंतिओकिया हे रेडिओ केंद्र आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या रेकॉर्ड कंपन्या. मेदेयिन कापडगिरण्यांचं शहर, पैसा होता. 1934 साली कार्ताहेनात सुरू झालेली दिस्कोस फुएन्तेस ही कंपनीसुद्धा 1954 साली तिथेच आली. किनाऱ्याचं संगीत आता डोंगरातल्या शहरात छापलं जाऊ लागलं. 1952च्या सुमारास तिथला संगीतकार एर्नेस्तो लेकुओना याच्या निमंत्रणावरून तो क्यूबालाही जाऊन आला.

कागदावर नेमकं काय केलं

त्याच्या वाद्यवृंदाची मांडणी साधारण त्या काळच्या कोणत्याही स्विंग बँडसारखी, म्हणजे नाचासाठी जॅझ वाजवणाऱ्या मोठ्या संचासारखी : चार-पाच सॅक्सोफोन, तीनेक ट्रम्पेट, एक-दोन ट्रॉम्बोन, पियानो, उभा बास, ड्रमसेट, कातडी तालवाद्यं आणि माराका. समोर तो स्वतः, क्लॅरिनेट घेऊन.

पहिली गोष्ट, भूमिकांची अदलाबदल. गावबँडमध्ये ट्रम्पेट आणि बॉम्बार्दिनो यांच्यात जे संभाषण चाले ते त्याने ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्यात लावलं. बॉम्बार्दिनोचा जाड, वळणदार, खालून येणारा आवाज टेनर आणि बॅरिटोन सॅक्सोफोनकडे गेला. बोसातले क्लॅरिनेट त्याच्या एकट्याच्या क्लॅरिनेटकडे आले. कधी सॅक्सोफोनवादक मधेच वाद्य बदलून क्लॅरिनेट घेत आणि गट पुन्हा गावच्या बँडसारखा वाजू लागे. त्याने नवी वाक्यं रचली, पण कोणी कोणाला कधी उत्तर द्यायचं हा शिष्टाचार जुनाच राहिला.

दुसरी गोष्ट, सुरांची जाडी. गाइतांच्या संगीतात आपण ज्याला कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर) म्हणतो ते नसतंच. दोन बासऱ्या आणि त्यांच्यातलं अंतर. गावबँडमध्ये कॉर्ड आले, तेही दोन-तीनच. बेर्मूदेसने सॅक्सोफोनच्या गटाला जवळजवळच्या सुरांत, एकत्र सरकणारी सुरावट दिली. हे सरळ स्विंग बँडकडून घेतलेलं. पियानोने सातवे स्वर आणले. तरीही त्याने हार्मनी फार गुंतागुंतीची होऊ दिली नाही. अमेरिकी जॅझ रचनाकार ड्यूक एलिंग्टनच्या रचनेत एखादा कॉर्ड ऐकून माणूस थबकतो. बेर्मूदेसकडे तसं होत नाही, कारण थबकला तर पाय थांबतील. काही जाणकार याला त्याची मर्यादा म्हणतात. मला ती त्याची शिस्त वाटते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ठेक्याची. स्विंगमध्ये बास चारही मात्रांवर चालत राहतो आणि अर्ध्या मात्रा असमान होतात, पहिली लांब, दुसरी आखूड. बेर्मूदेसने हे दोन्ही नाकारलं. त्याच्या कुंबियात बास पहिल्या मात्रेवर पडतो, दुसरी मोकळी सोडतो आणि तिसऱ्या-चौथ्या मात्रेवर पुन्हा येतो. अर्ध्या मात्रा सरळ, समान. यामादोरची उलटी थाप माराका आणि झांज वाटून घेतात. बोसातली लाकडाची टकटक ड्रमसेटच्या कडांवर गेली. जॅझचा पोशाख संपूर्ण अंगावर आहे आणि चालणं मात्र सिनूच्या शेतकऱ्याचं आहे. अमेरिकी बँडची नक्कल करणारे त्या काळी लॅटिन अमेरिकेत शेकड्यांनी होते. त्यांची नावं उरली नाहीत. याचं उरलं, ते या तिसऱ्या निर्णयामुळे.

चौथी गोष्ट त्याच्या हातात नव्हती. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या त्या काळच्या रेकॉर्डवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. फांदांगोत बोसा वादकांच्या मर्जीने लांबे. इथे क्लॅरिनेटला मोजक्या ओळी मिळत. उत्स्फूर्त वादन होतं, पण चिमटीत धरलेलं. रेकॉर्डी ऐकून 'यात जॅझचं इम्प्रोव्हायझेशन कुठे आहे?' असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. प्रत्यक्ष नाचाच्या रात्री हीच गाणी वेगळी वाजत असणार.

शिवाय तो व्यवहार जाणणारा माणूस होता. काली शहराच्या सान फेर्नांदो क्लबसाठी 'सान फेर्नांदो', स्वतःच्या गावासाठी 'कार्मेन दे बोलीवार', किनाऱ्यावरच्या गावांसाठी 'तोलू' आणि 'तागांगा'. क्लब, शहर, समुद्रकिनारा यांची नावं गाण्याला दिली की ते गाणं तिथलंच होऊन जातं. ज्या क्लबांनी पोरोला दार बंद केलं होतं, त्यांच्याच नावाने पोरो वाजू लागला.

ढोलांचं काय झालं

आता हिशेबाची दुसरी बाजू. हॉटेलांच्या मंचावर गाइता चढली नाही. आलेग्रे, यामादोर, तांबोरा यांचं मूळ त्रिकूट चढलं नाही. वाद्यवृंदांत 'गाइता' नावाचा एक रचनाप्रकार रूढ झाला, बेर्मूदेसने त्यात उत्तमोत्तम रचना केल्या, पण ते वाद्य त्यात वाजत नव्हतं. गाणी काळ्या माणसांच्या जत्रांबद्दल, मेणबत्त्यांबद्दल, ढोलांबद्दल होती. मंचावर टाय आणि पांढरे कोट होते.

याचा दोष एकट्या बेर्मूदेसवर टाकणं मला पटत नाही. ढोल घेऊन तो बोगोताच्या नाइट क्लबमध्ये आला असता तर त्याला दारातूनच परत पाठवलं असतं, आणि आज बोलायला हे प्रकरणही नसतं. पण म्हणून किंमत शून्य होत नाही. सान हासिन्तोचे गाइतावाले त्याच वर्षांत शेतमजुरी करत होते. तोन्यो फेर्नांदेस आणि त्याच्या साथीदारांना 1950च्या दशकात देलिया सापाता ओलिवेया ही नर्तिका-संशोधिका आणि तिचा भाऊ, लेखक मानुएल यांनी शोधून काढलं आणि देशात-परदेशात नेलं, तेव्हा बऱ्याच कोलंबियनांनी आपल्या 'राष्ट्रीय' नृत्यसंगीताचे मूळ आवाज पहिल्यांदा ऐकले. त्या गटाला, लोस गाइतेरोस दे सान हासिन्तोला, लॅटिन ग्रॅमी मिळालं 2007 साली. बेर्मूदेस 23 एप्रिल 1994 रोजी बोगोतात वारला होता.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एल कार्मेन दे बोलीवारच्या हद्दीत एल सालादो नावाचं खेडं आहे. फेब्रुवारी 2000मध्ये निमलष्करी टोळ्या तिथे शिरल्या. गावकऱ्यांना चर्चसमोरच्या मैदानावर गोळा केलं आणि दिवसाढवळ्या माणसं मारली. मारेकऱ्यांनी गावाच्या सांस्कृतिक केंद्रातून ढोल आणि गाइता बाहेर काढल्या आणि खून करता करता त्या वाजवल्या. त्या दिवसांत एल सालादो आणि आसपास मारले गेलेले किमान 60 जण. ही नोंद कोलंबियाच्या ऐतिहासिक स्मृती गटाने 2009 साली केली. उरलेलं गाव परागंदा झालं. ज्या टेकड्यांच्या संगीतावर एक देश स्वतःला ओळखतो, त्या टेकड्यांवर देशाने कोणालाही वाचवलं नाही. बेर्मूदेसच्या गाण्यांतला 'कार्मेन'चा उल्लेख मी त्यानंतर पूर्वीसारखा ऐकू शकत नाही.

उलट दिशेने आलेला एक माणूस

तुलनेसाठी अमेरिकी जॅझ बासवादक आणि रचनाकार चार्ल्स मिंगस. मार्च 1977मध्ये न्यूयॉर्कला त्याने 'कुंबिया अँड जॅझ फ्यूजन' ही सुमारे 28 मिनिटांची रचना मुद्रित केली. मोठा संच, बासूनसारखं खालच्या सुरांचं फुंकवाद्य, भरपूर तालवाद्यं. इथे जॅझवाला कुंबियाकडे आला आहे. तो कुंबियाच्या ठेक्यात शिरतो, त्यावर एक भक्कम बास बसवतो, मग दार उघडून सरळ स्विंगमध्ये निघून जातो, परत येतो, थांबतो, गुलामीच्या काळाची आठवण देणाऱ्या एका गाण्याची टर उडवतो. कुंबिया त्याच्या लेखी एक प्रदेश आहे, ज्यातून प्रवास करायचा. बेर्मूदेस त्या प्रदेशाचा रहिवासी. मिंगसचं काम धाडसी आहे, त्यातला राग खरा आहे, ते मला अतिशय प्रिय आहे. पण त्याच्यावर रात्रभर नाचता येणार नाही. आणि त्याने आपल्या जॅझमधलं काहीही गमावलेलं नाही. बेर्मूदेसला गमवावं लागलं. कोणाकडे निवड करायची मोकळीक होती, ते यावरून कळतं.

वाद्यवृंद मोडले, ढोल परतले

पाचो गालानने 1950च्या दशकात मेरेकुंबे हा नवा प्रकार काढला आणि त्याचं 'आय कोसिता लिंदा' 1959 साली अमेरिकी गायक नॅट किंग कोलनेही गायलं. तो या परंपरेचा कळस म्हणता येईल. त्यानंतर घसरण पैशांची होती. पंधरा-सोळा वादकांचा पगार, प्रवास, गणवेश एका बाजूला आणि दुसरीकडे इलेक्ट्रिक बास, ऑर्गन आणि मोजके तरुण. 1960च्या दशकात मेदेयिनच्या छोट्या गटांनी पोरो आणि कुंबिया सोपी, एकसुरी करून विकली. लोक त्या ठेक्याला 'चुकू-चुकू' म्हणत. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनमधलं संभाषण त्यात उरलं नाही.

ढोलांनी मात्र दुसऱ्या वाटेने जागा मिळवली. 1982 साली कोलंबियन कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस नोबेल घ्यायला स्टॉकहोमला गेला तेव्हा सोबत किनाऱ्यावरची गायिका तोतो ला मोंपोसिना होती, तिचे ढोल होते. किनाऱ्याचं संगीत जगापुढे आता सॅक्सोफोनच्या आधाराशिवाय उभं होतं. सेरेतेचा, म्हणजे सिनूच्याच खोऱ्यातला फ्रान्सिस्को सुमाके 1984च्या 'माकुंबिया'मध्ये जॅझ आणि किनाऱ्याचे ताल नव्याने जोडत होता.

मग या नव्या शतकात मोठा संच परत आला आणि आता त्याला ढोल लपवायची गरज नव्हती. 2012च्या जानेवारीत बोगोताचा मारिओ गालेआनो आणि तेव्हा काली शहरात राहणारा इंग्लिश संगीतकार विल हॉलंड यांनी मेदेयिनच्या फुएन्तेस स्टुडिओत चाळीसहून अधिक वादक जमवले. नाव ओंदात्रोपिका. त्यात सॅक्सोफोनवाला मिची सार्मिएन्तो होता, पेद्रो 'रामाया' बेल्त्रानची आडवी धरायची, जिभलीवर वाजणारी नळी होती, आणि त्यांच्या नातवंडांच्या वयाची पोरंही होती. एका खोलीत, एकत्र वाजवून मुद्रण. बेर्मूदेसच्या काळी जे दोन वेगवेगळ्या दारांनी आत येत, ते इथे एकाच माइकसमोर उभे होते.

न्यूयॉर्कमध्ये बोगोताच्या ग्रेगोरिओ उरिबेने सोळा जणांचा बिग बँड उभा केला. तो स्वतः अकॉर्डियन वाजवतो आणि गातो. 2015 साली त्यांचा 'कुंबिया उनिवर्साल' हा संग्रह आला आणि त्यात पनामाचा प्रसिद्ध गायक रुबेन ब्लादेस पाहुणा होता. इथे ब्रास गट पूर्ण आधुनिक जॅझच्या भाषेत बोलतो, हार्मनी बेर्मूदेसपेक्षा कितीतरी दाट आहे, आणि खाली तांबोरा ड्रमसेटच्या बरोबरीने वाजतो. उरिबे बोगोताचा आहे हेही मला महत्त्वाचं वाटतं. ज्या शहराला हे संगीत नको होतं, तिथला मुलगा ते बोस्टनला शिकायला जाताना सोबत घेऊन गेला.

ऐकणाऱ्यासाठी

ज्यांना हे कानांनी तपासायचं आहे त्यांनी क्रम असा ठेवावा. आधी लोस गाइतेरोस दे सान हासिन्तो. सगळं लक्ष यामादोरवर, बाकी काही न शोधता. मग सान पेलायोच्या एखाद्या बँडचा 'मारिया बारिया', आणि ढोल चामड्यावरून लाकडावर जातो ती जागा पकडायची. तिसरा बेर्मूदेसचा 'सान फेर्नांदो', दोनदा. पहिल्यांदा फक्त बास, म्हणजे त्यात स्विंग कुठेही नाही हे कळेल. दुसऱ्यांदा ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनमधलं बोलणं, म्हणजे 'मारिया बारिया'तले बॉम्बार्दिनो कुठे गेले ते सापडेल. नंतर मिंगस, सलग, मध्ये न थांबता. शेवटी उरिबेचा संच, आणि तिथे पुन्हा तीच एक थाप शोधायची, दोन मात्रांच्या मधली. आता ती माराकाच्या आडून येत नाही.